वाघाच्या काळजाची माणसं

संकटात न डगमगणाऱ्या माणसाला आम्ही 'वाघाच्या काळजाचा' म्हणतो. हे शब्द कानावर आले की मला आमच्या धरणगावची भिल्ल पलटण आठवते. बालकवींचं जन्मगाव म्हणून धरणगाव महाराष्ट्राला माहीत आहे. पण 1825 साली खानदेश भिल्ल पलटण इथं उभी राहिली, हे बाहेर फार थोड्यांना ठाऊक असतं.

1818 मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, तरी सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल नाईक वाकले नाहीत. डोंगरात शिरलेल्या कंपनीच्या फौजा तापानं आडव्या झाल्या. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं भिल्लांचीच पलटण काढायचं ठरवलं आणि जेम्स औट्रम या 22 वर्षांच्या अधिकाऱ्याला धाडलं. तो नाईकांमध्ये पहाऱ्याविना राहिला, त्यांच्याबरोबर शिकारी केल्या. 1834 पर्यंत त्याच्या शिकारींत 191 वाघ पडले, असं त्याचे चरित्रकार कौतुकानं सांगतात. औट्रम धाडसी होताच. पण वाघाचा माग पायी कोण काढत होतं? झाडोऱ्यात शिरून हाका कोण घालत होतं? वाघदेवाला शेंदूर लावणारे भिल्लच ना!

त्यांची खरी छाती मला आणखी एका गोष्टीत दिसते. पेशवाईच्या शेवटी कोपरगावला भिल्लांना विश्वासानं बोलावून त्यांची कत्तल झाली होती. धरणगावची भरती हाही तसाच सापळा असेल, ही धास्ती रानोरान होती. तरीही मूठभर जण आले आणि त्यांच्या मागोमाग शेकडो आले. मालेगावच्या छावणीत कंपनीच्या शिपायांनी त्यांना बरोबरीनं बसवून पानसुपारी दिली, तेव्हा कुठं ती धास्ती ओसरली.

पुढं 1857 चा उठाव आला. सेंधवा घाट राखणारा खाज्या नाईक इंग्रजांवर उलटला, भीमा नाईक उठला. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली. पकडलेल्या कितीतरी भिल्लांना तिथंच गोळ्या घातल्या, बायकांना कैद केलं. धरणगावची पलटण मात्र इंग्रजांकडेच राहिली. आपल्याच माणसांशी लढणाऱ्या सरकारची वर्दी अंगावर वागवताना त्या शिपायांच्या मनाचं काय झालं असेल, हे कुणी लिहून ठेवलं नाही. माझ्या लेखी काळीज दोन्हीकडच्यांचं वाघाचंच होतं.

औट्रमला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. पलटणीतल्या शिपायांची साधी नावंही आपल्या गावात कुणाच्या तोंडी नाहीत. तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे: भिल्ल वस्तीतल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, त्यांच्या पणजोबांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. हे काम याच उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करा.