सोमवारचा जादा सराव

२० जून २०००, रॉटरडॅम. युरो स्पर्धेत पोर्तुगालने गतविजेत्या जर्मनीला ३-० असं हरवलं आणि तिन्ही गोल एकट्या सर्जिओ कॉन्सेसाओने केले. जर्मनीच्या खात्यावर तीन सामन्यांत एक गोल, एक गुण आणि गटातला शेवटचा क्रमांक! ३९ वर्षांचा लोथार माथेउस अजूनही संघात होता, कारण त्याची जागा घेणारं कुणी तयारच झालं नव्हतं.

पराभवाचं खापर एकट्या प्रशिक्षकावर फोडून भागणार नव्हतं. देशात क्लबांना तोटा नव्हता, पण गावोगावच्या छोट्या क्लबांत मुलांचा सराव आठवड्यातून जेमतेम दोनदा व्हायचा. पंधरा-वीस मुलं आणि बहुतेकदा हौशी प्रशिक्षक. अशा सरावात एकेका मुलाच्या पायाला चेंडू लागणार तरी किती?

चेंडूवरची हुकमत शिकवता येते, हे शेजारच्या नेदरलँड्समध्ये वील कूर्व्हर केव्हापासून सांगत होते. १९७४ मध्ये फेयेनूर्डला यूईएफए कप जिंकून देणारे हे प्रशिक्षक. पेलेंसारख्या खेळाडूंच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून त्यांनी एकेका हुलकावणीची फोड केली आणि त्यातून मुलांसाठी सरावाचे पाठ बसवले. जी करामत लोक उपजत मानत, ती घोटून घेता येते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

जर्मन फुटबॉल महासंघाने २००२ मध्ये देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रांचं जाळं उभारलं. निवडक मुलांनी आपल्या गावच्या क्लबातच खेळायचं आणि आठवड्यातून एकदा, सहसा सोमवारी, केंद्रावर जादा सरावाला यायचं. इथे भर होता पहिल्या स्पर्शावर, दोन्ही पायांनी पास देण्यावर आणि प्रतिस्पर्ध्याला चकवण्यावर. वर्षातून दोनदा चाचणी होई. एका चाचणीत मूल समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये उभं राही. एका फळीवर चेंडू मारायचा, परतलेला ताब्यात घ्यायचा, गर्रकन वळायचं आणि दुसऱ्या फळीवर मारायचा. हे सगळं घड्याळ लावून! पुढे या चाचण्यांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा वरच्या पातळीवर पोचलेली मुलं बाराव्या वर्षीही सरासरीने सरस होती असं दिसलं. पण एकट्या मुलाचं भवितव्य त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं.

सोबत बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या अव्वल व्यावसायिक लीगच्या, क्लबांना युवा अकादमी सक्तीची झाली. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात माराकाना मैदानावर जर्मनीच्या मारिओ गोट्झेने चेंडू छातीवर झेलला आणि जमिनीला टेकू न देता डाव्या पायाने जाळ्यात धाडला. जर्मनी जगज्जेता ठरला.

मग जादा सराव हेच उत्तर का? दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळीच बाजू समोर आणली. जर्मन संशोधकांनी बुंडेसलिगातल्या खेळाडूंची हौशी खेळाडूंशी तुलना केली. राष्ट्रीय संघापर्यंत गेलेल्यांनी लहानपणी क्लबात जास्त तास घाम गाळलेला नव्हता. ते जास्त खेळले होते मोकळ्या जागेत, मित्रांबरोबर, प्रशिक्षकाविना.

२०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांत जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाला. एकास एक झुंजीत समोरच्याला चकवून जाणारे खेळाडू कमी पडताहेत, अशी ओरड झाली. महासंघाने या वेळी अगदी चिमुरड्यांच्या खेळालाच हात घातला. २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान मुलं चार छोट्या गोलांच्या मैदानावर दोनास दोन किंवा तीनास तीन अशी खेळतात, त्यामुळे नेहमीच्या क्लबातही प्रत्येकाच्या पायात चेंडू वारंवार येतो.