नागपूरचे सरकार, वर्ध्याचा निर्णय : १९३८चे खरे प्रकरण

(१)
नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सेलूच्या अलीकडे केळझर लागते. सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे हे गाव अनेकांना ठाऊक असते. १९३७-३८ साली याच रस्त्याच्या एका टोकाला, नागपुरात, मध्य प्रांत व वऱ्हाडचे पहिले लोकनियुक्त काँग्रेस सरकार होते. दुसऱ्या टोकाला, वर्ध्यात, त्या सरकारचे भवितव्य ठरत होते. ही मालिका त्या संघर्षाविषयी.

(२)
१९३५च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांतील द्विदल राज्यपद्धती संपवली आणि सर्व खाती मंत्र्यांकडे सोपवली. गव्हर्नरांचे विशेष अधिकार मात्र कायम राहिले. १९३७च्या आरंभी निवडणुका झाल्या. प्रांताच्या विधानसभेतील ११२ पैकी ७० जागा काँग्रेसने जिंकल्या.

(३)
बहुमत मिळूनही काँग्रेसने सत्ता स्वीकारली नाही. गव्हर्नर विशेषाधिकार वापरणार नाहीत, अशी हमी तिला हवी होती. तोवर ई. राघवेंद्र राव यांचे हंगामी मंत्रिमंडळ काम पाहत होते. अखेर जुलै १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याच्या बैठकीत सत्ताग्रहणास परवानगी दिली आणि डॉ. ना. भा. खरे मुख्य प्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असे म्हणत.

(४)
प्रांत एक असला तरी त्यात काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन होत्या : महाकोशल, नागपूर आणि विदर्भ. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. शं. मेहता हे मंत्री हिंदीभाषक महाकोशलचे. खरे, गोळे आणि रामराव देशमुख मराठी भागाचे. कुरबुरी वाढत गेल्या. मे १९३८ मध्ये पचमढीला वरिष्ठ नेत्यांच्या उपस्थितीत समेट झाला, पण तो टिकला नाही.

(५)
२० जुलै १९३८ रोजी खरे, गोळे व देशमुख यांनी राजीनामे दिले. मुख्य प्रधान गेला की सगळे मंत्रिमंडळ जाते, असा खऱ्यांचा आग्रह होता. महाकोशलच्या तिघांनी मात्र पक्षाच्या आदेशावाचून राजीनामा देण्यास नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ केले आणि एका रात्रीत खऱ्यांचे दुसरे मंत्रिमंडळ उभे राहिले.

(६)
या मंत्रिमंडळात रा. अ. अग्निभोज हे दलित सदस्यही होते. पुढे शुक्लांनी बनवलेल्या मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४५च्या आपल्या ग्रंथात या घटनेची दखल घेतली.

(७)
वर्ध्यात कार्यकारिणी बसली. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. २३ जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला. बेशिस्तीचा ठपका ठेवून त्यांना जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरवण्यात आले. २७ जुलैला पक्षाच्या आमदारांनी, तेही वर्ध्यातच, शुक्लांना नेता निवडले.

(८)
दोन्ही बाजूंना आधार होता. गव्हर्नर हा परकीय सत्तेचा प्रतिनिधी. पक्षाला डावलून त्याच्याशी संधान बांधण्याची मुभा मंत्र्यांना दिली, तर स्वातंत्र्याची चळवळ आतून पोखरली जाईल, ही काँग्रेसची भीती पोकळ नव्हती. गांधीजींनी ‘हरिजन’मधून कार्यकारिणीचे समर्थन केले. उलट, सहकारी निवडण्याचा अधिकारच नसेल तर मुख्य प्रधानाचे पद ते कसले, हा खऱ्यांचा प्रश्नही रास्त होता.

(९)
माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. या साऱ्या आठवड्यात विधानसभेच्या सभागृहाला कोणी कौल विचारला नाही. आमदारांनी मत दिले ते पक्षाच्या बैठकीत. एका बाजूने गव्हर्नरचा आधार घेतला, दुसरीने कार्यकारिणीचा; ज्या सभागृहासाठी लोकांनी मतदान केले होते, ते प्रेक्षकच राहिले. जबाबदार राज्यपद्धतीच्या पहिल्याच वर्षी पडलेला हा पायंडा होता.

(१०)
१९५०च्या राज्यघटनेने निम्मे उत्तर दिले. अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने मंत्री नेमतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. पक्षश्रेष्ठींविषयी मात्र घटना मौन बाळगून होती. १९८५ साली दहावी अनुसूची आली आणि सभागृहातील मतदानात पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येऊ लागले. आमदार आधी कोणाचा, मतदाराचा की पक्षाचा, हा प्रश्न प्रत्येक सत्तांतराच्या वेळी पुन्हा उभा राहतो. त्याची पहिली मोठी सुनावणी आपल्या विदर्भात झाली होती, एवढे ध्यानात असू द्यावे.