तारण (ख्रिस्ती संकल्पना)

पाप व मृत्यू यांच्या बंधनातून येशू ख्रिस्ताद्वारे होणारी मानवाची सुटका. ही संकल्पना ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा होय. मानवावरील प्रीतीपोटी देवाने आपला पुत्र दिला आणि त्याचे वधस्तंभावरील मरण व पुनरुत्थान यांतून देव-मानव समेट घडला, अशी शिकवण आहे (योहान ३:१६). तारण पुण्यकर्मांनी कमावता येत नाही. ते कृपेचे दान असून विश्वासाने स्वीकारायचे असते (इफिस २:८-९). विश्वास व कृत्ये यांच्या नात्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमी चर्च दुभंगले. १९९९ मध्ये कॅथलिक व ल्यूथरन चर्चनी त्याविषयी संयुक्त घोषणापत्र काढले.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) या ग्रंथात ही तारणकथा मराठी ओव्यांत मांडली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये झाला. तारण विनामूल्य मिळते याची खात्री मात्र त्यांना काही वर्षांनी पटली. केडगावच्या मुक्ती मिशनमधील निराधार स्त्रियांची सेवा हा देवाच्या प्रीतीला त्यांनी दिलेला प्रतिसाद होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंगांतून ख्रिस्ताला माउली म्हणून आळवले. त्यांची भक्तिगीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.