वळिवड्याचे पोलिश निर्वासित : गृहत्यागाची मीमांसा

मनुष्य मायभूमी सोडून परदेशी का जातो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः दारिद्र्य, धर्मच्छल किंवा लाभाची आशा यांत शोधले जाते. तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तिच्या इतिहासास हे उत्तर लागू पडत नाही. या लोकांचे घर सुटले एका कारणाने आणि परतीची वाट बंद झाली दुसऱ्याच कारणाने. ही दोन कारणे निरनिराळी तपासली पाहिजेत.

पहिले कारण सक्तीचे होय. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत सेना पूर्वेकडून शिरल्या. पुढे फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधीत पूर्व पोलंडमधील शेतकरी, वनरक्षक, अधिकारी आणि सैनिक यांची कुटुंबे चार खेपांत उचलून सैबेरिया, कझाकस्तान इत्यादी प्रदेशांत धाडण्यात आली. तेथे जंगलतोड आणि सामुदायिक शेतीवरील कष्ट त्यांच्या वाट्यास आले.

जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटली आणि जुलैतील करारान्वये या बंदिवानांची सुटका झाली. १९४२ मध्ये जनरल आंदेर्स यांच्या सेनेबरोबर अनेक कुटुंबे कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचली. पुरुष बव्हंशी सैन्यात राहिले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांना हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत आश्रय मिळाला. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उघडली होती. वळिवड्याची वसाहत मात्र हिंदुस्थानात सर्वांत मोठी ठरली.

तेथील बराकींच्या रांगांत चर्च, रुग्णालय, नाट्यगृह आणि शाळा उभ्या राहिल्या. शाळांतील शिक्षण पोलिश भाषेतून चाले. ही गोष्ट लक्षणीय आहे. मुलांना स्वदेशातील जीवनासाठी तयार केले जात होते. पंचगंगेकाठचा मुक्काम तात्पुरता समजला जात होता.

दुसरे कारण राजकीय होय. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेने पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. ज्या प्रांतांतून ही माणसे आली होती, ते प्रांत सोव्हिएत संघराज्यात गेले. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता संपुष्टात आली. काही निर्वासित तरीही मायदेशी परतले. इतरांपैकी बहुतेकांनी, १९४७ च्या पुनर्वसन कायद्याचा आधार असल्याने, ब्रिटनची वाट धरली. काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिकेत गेले. म्हणजे वळिवड्यास आलेला निर्वासित येथून निघताना कायमचा स्थलांतरित झाला होता.

छावणी रिकामी झाल्यावर त्याच जागी फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे वसविण्यात आली आणि आजचे गांधीनगर उदयास आले. त्यांचीही गावे नव्या सीमेपलीकडे राहिली होती. एकाच भूमीवर लागोपाठ घडलेल्या या दोन घटना इतिहासाभ्यासकास एक गोष्ट शिकवितात : ‘हे लोक का निघाले ?’ एवढे विचारून भागत नाही. ‘त्यांना परतता का आले नाही?’ हेही विचारावे लागते. हा दुसरा प्रश्न टाळला, तर ज्यांच्यापुढे निवडीस वावच नव्हता, त्यांच्या पदरी आपण स्वेच्छेचे श्रेय बांधतो.