डाव्या पायाची रजा

माणसाने आजवर लावलेल्या शोधांपैकी निम्मे पायांचे कष्ट वाचावेत म्हणून लावले आणि उरलेले निम्मे हातांचे. डोक्याचे कष्ट वाचवण्यासाठी मात्र शोध लावावा लागला नाही. ते माणसाला जन्मतःच येतं. मोटारीत तर डावा पाय मूळचाच नशीबवान. उजव्या पायाकडे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक अशी दोन टेबलं. डाव्याकडे एकटा क्लच. म्हणजे आमच्या भाषेत नुसतं टोकन देण्याचं काम. पण कुरकुर केली ती त्यानेच, आणि अमेरिकेने त्याला कायमची भरपगारी रजा देऊन टाकली. या रजेलाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. मोटारीतलं मला कळतं ते कर्जाच्या हप्त्यापुरतं. तरीही जुन्या अमेरिकन गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं तेल का तापतं, हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नसून जमाखर्चाचा आहे असं माझं ठाम मत आहे. एकाला रजा दिली की त्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जातं, आणि ज्याच्या टेबलावर जातं तो तापतो. कुठल्याही कचेरीत जाऊन बघा. इथे ते टेबल तेलाचं होतं, इतकंच.

गंमत म्हणजे या शोधाचा जन्म झाला तो पायासाठी नव्हे, जहाजासाठी. हर्मान फ्योटिंगर हे जर्मन अभियंते श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत नोकरीला होते. वाफेचा टर्बाइन भन्नाट वेगाने फिरणार आणि जहाजाच्या पंख्याला हवी संथ गती. या दोघांचा संसार लावायचा कसा? फ्योटिंगरांनी दोघांच्या मधे द्रव पदार्थ घातला आणि १९०५ साली पेटंट घेतलं. तत्त्व सोपं आहे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. थोड्या वेळाने दुसरा, वायर न लावताच, फिरू लागतो. हवेच्या जागी तेल आणा, की झालं. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं हे तेल दोन्ही पक्षांचं ऐकून घेतं.

मात्र दुसरा पंखा पहिल्याच्या बरोबरीने कधीच फिरत नाही, थोडा मागे राहतो. हा फरक जातो कुठे? आमच्याकडे पूर्वी रोकड मोजताना दहा पैशांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत कॅशियरला घरी जाता येत नसे. निसर्ग त्याहून कडक. त्याचा ताळा क्षणोक्षणी जुळतो. फरकाची सगळी रक्कम तो उष्णतेच्या रूपाने तेलाच्या खात्यात टाकून मोकळा होतो.

हे तत्त्व घेऊन जनरल मोटर्सने अर्ल थॉम्सन यांच्या चमूकडून ‘हायड्रामॅटिक’ बनवून घेतला. हे थॉम्सन म्हणजे गिअर टाकतानाचा खडखडाट थांबवणारा सिंक्रोमेश ज्यांनी १९२८ साली कॅडिलॅकमध्ये आणला तेच. आवाज बंद झाला, आता गिअर टाकणंच बंद. १९३९ साली जाहीर झालेला हा गिअरबॉक्स १९४० च्या ओल्डस्मोबिलवर ५७ डॉलर जादा मोजले की मिळे. पुढे महायुद्ध लागलं आणि तो एम-५ जातीच्या हलक्या रणगाड्यांत बसला. युद्ध संपल्यावर साहजिकच जाहिरात झाली, की रणांगणावर कसोटीला उतरलेली वस्तू आता तुमच्या दारी! १९४८ च्या ब्यूकमध्ये आला ‘डायनाफ्लो’. त्याने तर एरवीच्या चालण्यात गिअर बदलण्याचीही भानगड ठेवली नाही; सगळा भार टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलावर. गाडी लोण्यासारखी चाले. पण लोणी वितळतं, हे अमेरिकेत कुणी सांगायचं?

या तेलाचं सुखाचं तपमान साधारण ८० अंश सेल्सिअस. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा गॅरेजवाल्यांचा ढोबळ आडाखा आहे. हा मला फार आवडतो, कारण हे उलटं लावलेलं चक्रवाढ व्याज आहे. ८० अंशांना जे तेल लाख मैल टिकेल ते ९१ ला पन्नास हजार, १०२ ला पंचवीस, आणि १२४ पर्यंत चढलात तर जेमतेम सहा हजार मैल. त्याहीपुढे रबराची सीलं कडक होतात, आतल्या चकत्या घसरू लागतात, घसरल्या की आणखी तापतात. सावकाराच्या घरी असंच होतं.

म्हणून असली जुनी गाडी बाळगणाऱ्याने चौकशी करावी ती हिशेबतपासनिसाच्या शिस्तीने. आधी डिपस्टिक. गाडी सपाट जागी, तेल गरम आणि इंजिन चालू असताना पातळी बघायची. तेल लाल असावं. तपकिरी झालं असेल आणि फोडणी जळल्यासारखा वास येत असेल, तर आत काहीतरी जळलंय. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं दिसलं तर खूश होऊ नका. रेडिएटरचं पाणी तेलात शिरलंय. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि फेस होतो. पण भीतीपोटी जास्त ओतलं तरी आतली चक्रं ते घुसळतात आणि पुन्हा फेसच होतो. नंतर कूलर. अशा बहुतेक गाड्यांत तेल नळ्यांवाटे रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून गार होऊन येतं. नळी चेपलेली असेल किंवा पन्नास वर्षांच्या गंजाने रेडिएटर तुंबला असेल, तर तेलाने जायचं कुठे? तिथेही सगळं ठीक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. त्यातला स्टेटर अडकून बसला की मोकळ्या हमरस्त्यावरसुद्धा तेल उकळतं. काहीच सापडलं नाही तर रेडिएटरपुढे एक वेगळा कूलर लावावा. जुन्या कर्जाला नवा जामीन घ्यावा तसा.

पण या हिशेबातली सर्वांत मोठी नोंद गाडीत सापडत नाही. १९४९ साली जनरल मोटर्सने या तेलाचं ‘टाइप ए’ नावाचं मानक ठरवलं. इंजिनच्या तेलाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात लाल रंग घातला. आणि आतल्या चकत्यांनी एकमेकींना न थरथरता धरावं, तापूनही तेलाने गुण सोडू नये, म्हणून त्यात काय घातलं? स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल! थोडंसंच. पण गाड्या लाखांनी होत्या. डेट्रॉइटमधल्या साहेबाच्या डाव्या पायाची रजा भर समुद्रात कुणीतरी भरून काढत होतं आणि साहेबाला त्याचा पत्ताही नव्हता. कुणाच्या तरी रजेचं काम रात्री बसून पुरं केलेल्या प्रत्येक कारकुनाला त्या देवमाशाविषयी काय वाटेल, हे मी सांगायला नको.

१९७० साली अमेरिकेने या माशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातलं आणि ते तेल बंद झालं. मग रसायनशास्त्रज्ञांची धावपळ. बदली म्हणून आलेल्या ‘डेक्सरॉन-दोन’च्या पहिल्या अवताराने कूलरचे सांधेच गंजवले, त्यात गंजरोधक द्रव्य घालून तो सुधारावा लागला. घसरण मुळातूनच थांबवावी, हा विचारही जुनाच. पॅकार्डने १९४९ सालीच ठरावीक वेगानंतर दोन्ही पंखे एकमेकांना जखडणारी युक्ती केली होती. क्रायस्लरने ती १९७८ च्या गाड्यांत आणली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. मधली तीस वर्षं ती मागे पडली, कारण पेट्रोल स्वस्त होतं आणि देवमासा तक्रार-अर्ज करत नव्हता.

तेव्हा तेल तापतंय असं दिसलं, की सगळं तपासून झाल्यावर एक शेवटची जागा पाहावी. या गाड्यांचा ब्रेक चांगला ऐसपैस असतो, आणि रजेवरचा डावा पाय रिकामा बसवत नाही म्हणून त्यावर जाऊन टेकतो. उजवा ॲक्सिलरेटर दाबतोय, डावा ब्रेक. मधे टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल भाजून निघतंय. रजेवरचा माणूस कचेरीत गप्पा मारायला आला की काम करणाऱ्यांचं जे होतं, अगदी तेच.