होशंगाबादचे तीस उन्हाळे

मँचेस्टरजवळ रॉशडेल नावाचं गिरण्यांचं एक गाव आहे. सहकारी चळवळीच्या इतिहासात हे नाव हटकून येतं, कारण १८४४ मध्ये तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी जेम्स स्टुअर्ट नावाचा केंब्रिजचा एक तरुण अध्यापक तिथल्या कामगारांना व्याख्यानं द्यायला येऊ लागला. एकदा व्याख्यान संपल्यावर त्यानं भिंतीवरचे तक्ते तसेच टांगलेले ठेवले. पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा सभागृहाच्या रखवालदारानं त्याला सांगितलं की तक्ते ठेवलेत हे फार बरं केलंत. लोक येऊन ते बघत होते, आपसांत वाद घालत होते. त्यांच्याजवळ आता पुष्कळ प्रश्न साठलेत आणि आज ती मंडळी व्याख्यानाच्या जरा आधीच येणार आहेत. त्या प्रश्नोत्तरांतून व्याख्यानाला जोडून एक वर्गच सुरू झाला. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठानं हे काम अधिकृतपणे अंगावर घेतलं.

आपल्याकडे याला 'बहिःशाल शिक्षण' असं भारदस्त नाव मिळालं. बहिःशाल व्याख्यानांनी महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांपर्यंत चांगले वक्ते नेले, चांगले श्रोते घडवले, हे कुणीही मान्य करील. पण आपण व्याख्यान घेतलं आणि त्याच्या आधीचा तो प्रश्नांचा वेळ सोडून दिला. वक्ता एस.टी.नं यायचा, तासभर बोलायचा, हारतुरे घेऊन रात्रीच्या गाडीनं परत जायचा. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विद्यार्थी शिबिरांना जाऊ लागले, त्यांनी रस्ते बांधले, झाडं लावली. गावाला कॉलेजचे हात मिळाले. डोकं मात्र बहुतेक वेळा कॉलेजातच राहिलं.

रॉशडेलचा तो प्रश्नांचा वेळ आपल्या देशात एका जिल्ह्यात तब्बल तीस वर्षं चालला. त्याची एक मुळी मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला होती, म्हणून त्याची हकिगत आज सांगावीशी वाटते.

टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटली की आपल्याला अणुविज्ञान आठवतं, विश्वकिरण आठवतात. पण साठीच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या काही शास्त्रज्ञांना शाळेतल्या विज्ञानाची काळजी वाटू लागली होती. भालचंद्र उदगावकर, व्ही. जी. कुलकर्णी, यशपाल ही त्यातली ठळक नावं. मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवून बघण्याची खटपट यातूनच सुरू झाली. त्याच संस्थेत अनिल सद्गोपाल नावाचे एक तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ होते. अमेरिकेत कॅलटेकमधून पीएच.डी. करून ते परतले होते. १९७१ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या बनखेडीजवळ 'किशोर भारती' ही संस्था उभी करायला घेतली. इटारसीहून जबलपूरकडे जाताना पिपरिया लागतं, पचमढीला जाणारे उतरतात ते. बनखेडी त्याच्या पुढे. होशंगाबाद शहराला लागून रसूलिया इथं क्वेकर पंथीयांचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' होतं. या दोन संस्थांनी मिळून मध्य प्रदेश सरकारकडे एक मागणी केली: आम्हाला सोळा सरकारी मिडल स्कूल द्या. सहावी ते आठवीचं विज्ञान आम्ही प्रयोग करून शिकवून बघतो.

सरकारनं ती मान्य केली, याचं मला आजही नवल वाटतं. १९७२ साली 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला. मंडळींनी त्याचं सुटसुटीत नाव केलं 'होविशिका'. पहिल्या शिबिरांना टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ आले. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातल्या विज्ञानाच्या अध्यापकांचा एक मोठा गट येऊन मिळाला. नंतर आय.आय.टी.तले, मध्य प्रदेशातल्या कॉलेजांतले लोक आले. विद्यापीठ अनुदान आयोगानं या कामासाठी अध्यापकांना फेलोशिप दिल्या. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. खेड्यातल्या शाळेत काम करणं हे विद्यापीठातल्या प्राध्यापकाचंच काम आहे, रविवारची समाजसेवा नव्हे, असं त्यातून कागदोपत्री मान्य झालं.

शिबिरं उन्हाळ्यात भरत. नर्मदाकाठचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. प्रत्येक शिबिर तीन आठवड्यांचं. सहावीचं एका वर्षी, सातवीचं दुसऱ्या, आठवीचं तिसऱ्या, असे तीन उन्हाळे शिक्षकानं द्यायचे. शिबिरात भाषण ऐकायचं नाही. जो प्रयोग मुलांकडून करून घ्यायचा, तो गुरुजींनी आधी स्वतः करायचा, चौघाचौघांच्या टोळीत बसून, मुलं बसतील तसं. निष्कर्ष स्वतः काढायचा आणि तो चुकला तर का चुकला यावर सगळ्यांसमोर बोलायचं. वीस-वीस वर्षं पाठ्यपुस्तक वाचून दाखवलेल्या माणसाला हे सोपं नव्हतं. त्याच्यासमोर बसलेल्या प्राध्यापकालाही नव्हतं. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट असली तरी ज्या शाळेत वीज नाही, नळ नाही आणि एका वर्गात पन्नास मुलं आहेत, तिथं कोणता प्रयोग जमेल आणि कोणता नाही, हे प्राध्यापकापेक्षा गुरुजींना अधिक कळत होतं. प्रयोग कागदावर कितीही देखणा असो, वर्गात फसला की तो बदलावा लागे.

साहित्याचंही तसंच. महागडी उपकरणं परवडणार नव्हती आणि ती मोडली की दुरुस्त कोण करणार? मग बाजारात, अंगणात, शेतात मिळेल ते वापरायचं. फूल उकलायला सुई नाही? बाभळीचा काटा घ्या. १९७८ मध्ये अरविंद गुप्ता नावाचा एक तरुण इंजिनिअर पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा काढून इथं आला. आठवडी बाजारात हिंडताना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब त्याच्या नजरेस पडली. तिचे तुकडे आणि आगपेटीतल्या काड्या जोडून त्यानं त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवल्या. हेच अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात आले आणि महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांनी त्यांच्या टाकाऊतल्या खेळण्यांवर हात चालवला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुस्तकाचं नाव होतं 'बाल वैज्ञानिक'. ते राज्याचं पाठ्यपुस्तक निगमच छापत असे. पण त्यात उत्तरं नव्हती. काय करायचं ते होतं, काय बघायचं ते होतं, आणि मग प्रश्न. शेतातली पिकं, त्यांवरचे रोग, माती, आजूबाजूचे किडे हे सगळं अभ्यासात होतं आणि त्यासाठी वर्ग सोडून शिवारात जायचं होतं. आठवीच्या मुलांना नाणी उडवून संभाव्यता शिकवली जाई. मी हे प्रथम वाचलं तेव्हा जरा थबकलो, कारण आमच्या पिढीला हा विषय कॉलेजात भेटला, तोही नुसत्या सूत्रांच्या रूपात.

खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती परीक्षेचीच होती. शिकवायचं प्रयोगानं आणि विचारायच्या व्याख्या, असं केलं तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाते. आठवीची परीक्षा बोर्डाची असे. होविशिकानं ती बदलण्याची परवानगी मिळवली. मुलांनी पुस्तक आणि आपली वही उघडी ठेवून पेपर लिहायचा. शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची वेगळी परीक्षा. पाठांतराला वावच उरला नाही. अभ्यासक्रम, शिक्षकांचं प्रशिक्षण, साहित्य आणि परीक्षा या चारही गोष्टी सरकारी शाळांत राहून एकदम बदलल्या. आपल्याकडच्या शिक्षणातल्या पुष्कळ प्रयोगांनी यातल्या एका-दोहोंना हात लावला आणि ते तिथंच अडकले.

शिबिर संपलं की काम संपलं, असंही नव्हतं. दर महिन्याला त्या त्या भागातल्या शिक्षकांची बैठक होई. कार्यक्रमातली माणसं शाळांना भेटी देत. त्याला 'अनुवर्तन' म्हणत. कोणता धडा मुलांना कळत नाही, कोणता प्रयोग फसतो, हे तिथून वर यायचं आणि पुस्तक पुन्हा लिहिताना त्याचा उपयोग व्हायचा. रॉशडेलच्या त्या रखवालदाराचं काम इथं शेकडो शिक्षक करत होते, असं म्हणायला हरकत नाही.

आणि मुलांसाठी होता 'सवालीराम'. हे कुणा माणसाचं नाव नव्हे, मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून निर्माण केलेलं एक पात्र. मुलं सवालीरामला पत्रं लिहीत आणि सवालीराम त्यांना उत्तरं पाठवी. उत्तर द्यायला बसलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते, हे ज्यांच्या घरी आठ-दहा वर्षांचं मूल आहे त्यांना ठाऊक असेल. मुलाचा प्रश्न ना भौतिकशास्त्राचा असतो, ना जीवशास्त्राचा. तो नुसता प्रश्न असतो. विद्यापीठातल्या विभागांच्या भिंती त्याला माहीत नसतात. त्यामुळे त्याला उत्तर द्यायचं तर वेगवेगळ्या विषयांच्या जाणकारांची दारं ठोठवावी लागत.

कुलाब्याहून निघालेली एक वाट महाराष्ट्रातही आली, तिचा उल्लेख करायला हवा. १९७४ मध्ये टाटा संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि व्ही. जी. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक झाले. या केंद्रानं जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला, म्हणजे धनाजी नाना चौधरी आणि मधुकरराव चौधरी यांच्या गावी, तिथल्या शिक्षण संस्थेच्या मदतीनं ग्रामीण शाळांत काम केलं. कुलकर्णींचा भर वेगळ्या जागी होता. मुलाचं अडतं ते विज्ञानात की विज्ञानाच्या भाषेत, असा त्यांचा सवाल होता. घरी बोली बोलणाऱ्या मुलासमोर संस्कृत शब्दांनी जडावलेलं मराठी पुस्तक ठेवलं तर ते गप्प बसणारच, आणि त्या गप्प बसण्याला आपण 'बुद्धी कमी' म्हणून मोकळे होतो. भाषा सोपी केली की तीच मुलं बोलती होतात, हे त्यांनी हिरिरीनं मांडलं. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी, मी धरून, हे अजून पुरतं मनावर घेतलेलं नाही.

इकडे १९७८ मध्ये होविशिका सोळा शाळांवरून होशंगाबाद जिल्ह्यातल्या सगळ्या, दोनशेहून अधिक मिडल स्कूलमध्ये पसरला. एवढा व्याप स्वयंसेवकांच्या जिवावर चालणं अवघड होतं, म्हणून १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. दिल्ली विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे अध्यापक विनोद रैना सुट्टीत येता येता कायमचेच या कामात आले. त्यांनी नोकरी सोडली. शिक्षण हक्क कायद्याच्या घडणीत पुढे त्यांचा मोठा वाटा होता. कार्यक्रम वाढत वाढत पंधरा जिल्हे, सुमारे हजार शाळा आणि लाखाच्या आसपास मुलं इथवर गेला.

आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. तक्रार स्थानिक राजकारणातून पुढे आली होती. आमच्याच जिल्ह्यातल्या मुलांनी वेगळं पुस्तक का वाचायचं, नववीत गेल्यावर ती मागे पडतात, असा आक्षेप होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, शिक्षकांनी बाजू मांडली. निर्णय फिरला नाही. जुलैत शाळा भरल्या तेव्हा होशंगाबादच्या मुलांच्या हातात राज्यातल्या इतर मुलांचंच पुस्तक आलं.

याचा दोष सरसकट राजकारण्यांवर टाकणं सोपं आहे, आणि तो त्यांचा आहेही. तीस वर्षांचं काम बंद करताना त्याची नीट तपासणी करावी, एवढी साधी अपेक्षा पुरी झाली नाही. पण मला दुसरंही एक दिसतं. या कार्यक्रमात प्राध्यापक आणि शिक्षक यांच्यात जे नातं जुळलं, तसं मुलांच्या आईबापांशी जुळलं नाही. ज्याला आपल्या मुलानं पुढच्या बोर्डात पास व्हावं आणि नोकरीला लागावं एवढंच हवं आहे, त्या बापाला उघड्या पुस्तकाची परीक्षा संशयास्पद वाटणारच. त्याची शंका अडाणीपणाची नव्हती. नववीचं पुस्तक आणि नववीची परीक्षा खरंच जुन्याच वळणाची होती. तिला होविशिका हात लावू शकला नव्हता. त्या बापाला बसवून समजावणारं, त्याचं ऐकून घेणारं शिबिर कुठल्याच उन्हाळ्यात पुरेसं भरलं नाही. कार्यक्रम ज्या सरकारी हुकमानं शाळांत आला, तशाच एका हुकमानं तो गेला, आणि गावातून फार मोठा आवाज उठला नाही.

या साऱ्या खटाटोपाचा इतिहास सुशील जोशी यांनी 'जश्न-ए-तालीम' या हिंदी पुस्तकात सविस्तर लिहिला आहे. ते स्वतः या कामात होते, त्यामुळे त्यात फसलेल्या गोष्टीही आहेत. जिल्ह्याचं नाव आता नर्मदापुरम झालं आहे. यशपाल २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष होते. होविशिकात काम केलेल्यांचे अनुभव त्या चर्चांमध्ये पोचले. एकलव्यचं 'संदर्भ' हे हिंदी नियतकालिक १९९४ पासून निघतं. त्यावरून स्फूर्ती घेऊन पुण्यात 'शैक्षणिक संदर्भ' हे मराठी द्वैमासिक सुरू झालं. हिंदी 'संदर्भ'मध्ये एका सदराला जुनंच नाव ठेवलं आहे. ते सदर आहे 'सवालीराम'.