वस्त्रं पुतण्याला, लगाम काकाकडे

बुधवार पेठेतल्या बेलबागेत कधी गेला असाल तर आठवेल, बाहेर लक्ष्मी रस्त्याचा गलका आणि आत एकदम शांत. हे विष्णूचं देऊळ नाना फडणवीसांनी थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत बांधलं. त्याच्या थोडंच आधी, १७६३ साली, निजामाच्या फौजेने पुणं लुटलं होतं, घरं जाळली होती. ते संकट का आलं याचा शोध घेत गेलं की आपण पोचतो दोन वर्षं मागे, एका अर्धवट निर्णयापाशी.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं. विश्वासराव गेले, भाऊसाहेब गेले. २३ जूनला नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. मागे उरले १६ वर्षांचे माधवराव आणि त्यांचे काका रघुनाथराव.

आज आपण राघोबादादांकडे नारायणरावांच्या खुनाच्या चष्म्यातून बघतो, पण तो प्रकार १७७३ चा. १७६१ साली दादा म्हणजे अहमदाबाद घेतलेला, १७५८ मध्ये लाहोरपर्यंत धडकलेला सेनापती. वय अवघं सत्तावीस, तरी घरात उरलेला मुरलेला माणूस तोच. पुतण्याने मात्र एकही मोहीम चालवलेली नव्हती. तुम्ही-आम्ही असतो तर कुणाला निवडलं असतं? मी तरी दादांनाच.

झालं असं, की साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं माधवरावांना मिळाली आणि कारभार दादांनी बघायचा असं ठरलं. ऐकायला किती समंजस! अनुभवही हाताशी आणि वारसाही जपलेला. पण नाव एकाचं आणि हुकूम दुसऱ्याचा, म्हटल्यावर सरदारांनी ऐकायचं कुणाचं?

निजाम चालून आला तेव्हा दादांनी त्याला कोंडीत धरलं, आणि जानेवारी १७६२ मध्ये उरुळीला तह करून उदगीरला मिळवलेल्या मुलखातला बराच परतही देऊन टाकला. मग पुतण्या कारभारात लक्ष घालू लागला, तसे दादा रुसून पुण्याबाहेर पडले आणि त्याच निजामाची मदत घेऊन उलटले. नोव्हेंबरमध्ये घोडनदीवर काका-पुतण्याच्या फौजा भिडल्या. पाच दिवसांनी आळेगावला माधवराव आपणहून काकांच्या स्वाधीन झाले. घर फुटलं तर निजामाचं फावेल, हे त्या सतरा वर्षांच्या मुलाला कळत होतं.

हाती सत्ता येताच दादांनी जुने हिशेब चुकते करायला घेतले. प्रतिनिधींना दूर केलं, मिरजेला गोपाळराव पटवर्धनांवर फौज नेली. दुखावलेली ही मंडळी निजामाला मिळाली आणि १७६३ मध्ये पुणं जळालं. शेवटी १० ऑगस्टला राक्षसभुवनला गोदाकाठी लढाई झाली. दादा वेढले गेले असताना माधवरावांनी नेटाने चढाई करून डाव फिरवला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. तिथून पुढे खरा पेशवा कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मला वाटतं, या गोष्टीत 'अनुभव' हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा. दादांना स्वारीचा अनुभव दांडगा होता, शौर्यही होतं. पण लाहोरच्या त्या मोहिमेतून ते परतले ते कर्ज घेऊन, आणि राग गिळणं त्यांना कधी जमलं नाही. म्हणजे ज्याला आपण भरवशाचा म्हटलं असतं तोच खरा जोखमीचा होता, आणि कोवळा पोर धीराचा निघाला. अर्थात हे आज कळतं. १७६१ च्या जुलैत ते कुणाला कळणार?

म्हणून दादांना कारभार दिला याबद्दल मी त्या काळच्या मुत्सद्द्यांना दोष देत नाही. ते किती दिवस, आणि मतभेद झाला तर शब्द कुणाचा चालेल, हे कुणी ठरवलं नाही, ते मात्र खटकतं. दोघांतल्या कुणाही एकाला पूर्ण हक्क दिला असता तर पुणेकरांची घरं कदाचित वाचली असती.

असो. पुढे १७६८ मध्ये धोडपला काका-पुतणे पुन्हा लढले, दादा शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. आणि १७७२ मध्ये थेऊरला माधवराव गेले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. १७६१ साली दादा ज्या वयाला अनुभवी म्हणवले जात होते, त्याच वयाला.